पाच मृदंग आणि दोन हात

मंडळी, लावणी आटोपून दोन दिवस हात मोकळे झाले असतील, तर आज आपण मिळून एक हिशेब करू. कृषी विस्तार अधिकारी हिशेब म्हणाला की तो खताचा नाहीतर बियाण्याचा असणार, असे तुम्ही धरून चालाल. आजचा हिशेब मात्र वेगळा आहे. पखवाज वाजवणाऱ्या माणसाच्या घरी पखवाज किती असावेत?

तुम्ही म्हणाल, "साहेब, हा काय प्रश्न झाला? एक असावा, फार तर दोन." आज मलाही तसेच वाटते. पण एवढे कळायला मला वीस वर्षे लागली आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पोराने दिली. म्हणून तर लिहायला बसलो.

आमचे गाव कुसगाव, लोणावळ्याला लागून. आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, एकच पखवाज होता. खैराच्या खोडाचा, चांगला जड. माजघरात खुंटीला टांगलेला असे. काकडा असो, हरिपाठ असो, सप्ताह असो की कोणाच्या दहाव्याचे भजन असो, तोच खांद्याला अडकवून दादा निघत. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भात बाहेर आला, त्या सुमारास मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की दादा मला पुढ्यात बसवत. "आधी हात, मग वाद्य," एवढेच त्यांचे शास्त्र. पुढे त्यांची बोटे चालेनाशी झाली तेव्हा त्यांनी तो पखवाज माझ्या स्वाधीन केला.

मला नोकरी लागली, पगार हाती आला आणि हौस सुटली. पहिला पखवाज आळंदीहून आणला. का, तर दादांचा जुना झाला, तो जपायला हवा. दुसरा पंढरपूरहून आणला, दुकानात त्याचा आवाज फार गोड लागला म्हणून. तिसरा एका भजन स्पर्धेच्या आधी घेतला, कारण समोरच्या गावच्या वादकाकडे शिसवी खोडाचा होता. चौथा का घेतला ते आता आठवतही नाही. दादांचा धरून पाच झाले.

त्याच काळात आमच्या शिवाराजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गेला. २००२ साली तो पुरा झाला. कोणाची जमीन त्यात गेली, कोणी पुढे बंगलेवाल्यांना विकली. आलेल्या पैशांतून कोणी घर बांधले, कोणी दारात गाड्या उभ्या केल्या. मी त्यांना शहाणपण सांगत फिरत असे. पण त्यांच्या दारात गाड्या होत्या आणि माझ्या भिंतीला पखवाज होते, फरक एवढाच.

सौ. एकदा केर काढता काढता म्हणाली, "मृदंग पाच आणि हात दोनच. बाकीचे चार कोण वाजवणार, उंदीर?" मी हसण्यावारी नेले.

आता पखवाज ही काय वस्तू आहे ते पाहा. निम्मी तर शेतीच आहे. खोड खैराचे, शिसवीचे नाहीतर फणसाचे. पुड्या बकऱ्याच्या कातड्याच्या, त्या ताणून धरणाऱ्या वाद्या म्हशीच्या कातड्याच्या. उजव्या पुडीवर शाई असते. लोखंडाची पूड भाताच्या खळीत घोटून थरावर थर चढवलेली. डाव्या, धुमाच्या पुडीवर वाजवण्याच्या वेळी कणकेचा गोळा थापायचा आणि वाजवून झाले की खरवडून काढायचा.

अशी वस्तू खोळीत घालून ठेवली की टिकते असे नाही. आमच्या लोणावळा भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कातडे सादळते, सैल पडते, सूर उतरतो, बुरशी धरते. रोज वाजणाऱ्या पखवाजाला रोज हात लागतो. त्याचे गट्टे सरकवले जातात, पुडी पुसली जाते, काही बिघडले तर लगेच कळते. न वाजणाऱ्याचे दुखणे पुडी फाटल्यावरच कळते. वर्षभर दावणीला बांधून ठेवलेला बैल एकदम नांगराला जुंपला तर काय होईल, तेच इथे होते.

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या शेजारच्या आळीत एक पोरगा होता, बारा वर्षांचा. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. हा रोज संध्याकाळी हरिपाठाला येऊन माझ्याजवळ बसे. टाळ हातात, पण डोळे माझ्या बोटांवर. घरी तो पत्र्याच्या डब्यावर बोल काढतो, हे सौ.ने मला सांगितले. एक दिवस तो घरी आला आणि म्हणाला, "काका, एखादा जुना मृदंग द्याल का? वाजवून परत आणून देईन."

मी म्हणालो, "अरे, शाई उडाली तर? थोडा मोठा हो, मग बघू."

त्याने भिंतीकडे पाहिले. भिंतीला चार टांगलेले होते, पाचवा माझ्या मांडीवर होता. "बरं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर आणखी एक-दोनदा त्याने विचारले असेल. मग विचारणे सोडले. पुढे हरिपाठाला येणेही सोडले. माझ्या ते लक्षातसुद्धा आले नाही.

पाच वर्षे गेली. एका वर्षी सप्ताहाला आठ दिवस उरले असताना कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताची दोन बोटे सापडली. दोष माझाच. यंत्र चालू असताना अडकलेली वैरण ओढायला गेलो. असे करू नका म्हणून गावोगाव भाषणे देणारा मीच! बोटे वाचली, पण तीन महिने हात गळ्यात बांधलेला.

सप्ताह बसला. वीणेचे पहारे लागले, टाळकरी जमले, पेटी आली. मृदंगाला माणूस नाही. गावात माझ्या एका घरात पाच मृदंग, आणि ते वाजवणारा दुसरा एकही हात गावात नाही! शेवटी लांबच्या गावाहून वादक बोलावला, बिदागी ठरवली. काल्याच्या दिवशी तो आधीच दुसरीकडे ठरलेला होता. आमचा काला नुसत्या टाळांवर झाला. कोणी मला बोल लावला नाही. मी मागे खांबाला टेकून उभा होतो आणि मान वर होत नव्हती.

त्या रात्री सौ.च्या मदतीने एकेक खोळ उघडली. दोन पखवाजांच्या धुमाच्या पुड्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, कारण मीच कधीतरी कणीक न काढता ते टांगले होते. सौ.चे बोल खरे झाले, पण ती एक शब्द बोलली नाही. दादांच्या पखवाजाच्या खोडाला बोटभर भेग गेली होती आणि भुंगेऱ्याने पाडलेले पीठ खोळीत जमले होते. जपायचा म्हणून जो वाजवला नाही, तोच सगळ्यांत जास्त गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला शोधत गेलो. आता तो सतरा वर्षांचा बाप्या झाला होता. द्रुतगती मार्गालगतच्या एका खाणावळीत कामाला होता. म्हणालो, "ये घरी. मृदंग देतो, शिकवतो." तो हसला. हसण्यात राग नव्हता. म्हणाला, "काका, आता वेळ कुठला? बारा तास उभं राहायचं. तेव्हा दिला असता तर..." तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि तो ताटे घेऊन पळाला. ते अर्धे वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

मंडळी, वाफसा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस पडून गेल्यावर जमीन पेरणीला तयार असते ती मोजके दिवस. ते गेले की बियाणे घरात कितीही असो. पोरांच्या बोटांचाही असाच वाफसा असतो. त्या पोराचा वाफसा माझ्या भिंतीने घालवला.

आता म्हणाल, मग एकाहून अधिक पखवाज ठेवूच नयेत काय? तसेही नाही. इथे तुम्हाला भाताचाच दाखला देतो. खोल, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवा भात चालतो. वरच्या उथळ खाचरात हळवाच लावावा लागतो. दोन जाती ठेवण्याला जमिनीचे कारण आहे. तसेच पखवाजाला गळ्याचे कारण असते. पुरुषांचे भजन बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास चालते. बायकांचा गळा काळी चार, काळी पाचकडे जातो. एका खोडाचा सूर गट्टे ठोकून थोडासाच वरखाली होतो. काळी एकचा पखवाज ताणून काळी चारला न्यायला गेलात तर वादी तुटेल नाहीतर पुडी फाटेल. बायकांच्या भजनाला लहान तोंडाचा, चढ्या सुराचा पखवाज वेगळाच हवा. आमच्या महिला मंडळाने हे मला कितीदा सांगितले होते. पुरुषी पट्टीत गाताना त्यांचे गळे बसत. आणि मी मात्र चारही पखवाज माझ्याच पट्टीचे आणून ठेवले होते!

माझा मुलगा पिंपरीत कारखान्यात आहे. त्याला गिटारीचा नाद आहे आणि त्याच्याकडे तीन आहेत. बापाचे पाहून शिकला, असे मी मनात म्हणालो. विचारले तर सांगू लागला, "बाबा, एक पोलादी तारांची, एक नायलॉनच्या तारांची आणि एक विजेवरची. एकीचं काम दुसरी करत नाही." मला ते पटले. मग तोच म्हणाला, "पण खरं सांगू? चौथी घ्यावीशी वाटते ती दुकानापुढून जाताना. वाजवत बसलं की नाही वाटत."

त्यानेच मला अमेरिकेतल्या विली नेल्सन या गायकाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने १९६९ साली मार्टिन कंपनीची नायलॉनच्या तारांची एक गिटार घेतली. सिनेमातल्या एका प्रसिद्ध घोड्याच्या नावावरून तिचे नाव ट्रिगर ठेवले. पुढे पन्नासहून अधिक वर्षे तो तीच वाजवत राहिला. वाजवून वाजवून तिच्या फळीला मोठे भोक पडले आहे. दुसरी घ्यायला त्याला पैसे कमी नव्हते. आणि १९८५ साली तिकडचे शेतकरी कर्जात बुडाले तेव्हा त्यांच्या मदतीसाठी सोबत्यांना घेऊन फार्म एड नावाचा गाण्याचा मोठा मेळा भरवणारा तो हाच. गोष्ट ऐकली आणि मला दादांची खुंटी आठवली.

पण इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या वारकऱ्यांनी हा हिशेब कधीच करून ठेवला आहे. दिंडीत वीणा एकच. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सप्ताहात दिवसरात्र ती पाळीपाळीने उभी असते, पण असते एकच. मृदंग एक, नाहीतर दोन. आणि टाळ मात्र हात असतील तितके. तुकोबांचे टाळकरी चौदा म्हणतात. त्यांतले संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आपल्याच मावळात, सुदुंबऱ्याला आहे. कापणीला विळे घरातल्या कापणाऱ्यांइतके हवेत आणि खळे सगळ्यांत मिळून एक पुरते, तसेच हे आहे. काय वाटून वापरायचे आणि काय ज्याच्या त्याच्या हातात असावे, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा मी काय केले ते सांगतो. कुरतडलेल्या दोन्ही पखवाजांना नव्या पुड्या घातल्या आणि ते देवळात ठेवले, शिकणाऱ्या पोरांसाठी. शिसवी खोडाचा देऊन, वर थोडे पैसे भरून, महिला मंडळासाठी त्यांच्या पट्टीचा आणला. पंढरपूरचा सप्ताहासाठी राखीव म्हणून मंडळाच्या ताब्यात दिला, कारण ऐन कीर्तनात पुडी फाटली तर दुसरा हाताशी लागतोच. घरी दादांचा एकच ठेवला. त्याची भेग कारागिराने बुजवून दिली. आवाज पूर्वीसारखा नाही. पण रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवतो. बोटेही पूर्वीसारखी कुठे आहेत? दोघांचे बरे जमते.

देवळात आता चार पोरे आणि एक पोरगी शिकतात. परवा त्यांतल्या एकाने शाईचा तुकडा उडवला आणि तोंड पाडून माझ्यापुढे उभा राहिला. मी म्हणालो, "वाजवलास ना? मग उडणारच. कारागिराकडे जाऊन येऊ." त्याला हायसे वाटले. मला मात्र दुसराच एक पोरगा आठवत होता, ज्याला मी नेमक्या याच शाईच्या भीतीने परत पाठवले होते.

तुमच्या घरी कदाचित पखवाज नसेल. पेटी असेल, सनई असेल, पोराने सोडून दिलेली गिटार असेल, नाहीतर माळ्यावर टाकलेला फवारणी पंप असेल. आज दिवेलागणीला एकदा वर नजर टाका. त्यातले शेवटचे कधी हातात घेतले ते आठवा. आणि ते कोणी मागितले होते काय, तेही आठवून पाहा. मागणारा अजून गावात असेल, तर त्याला उद्याच हाक मारा.