पाळणा आणि प्रबंध

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात काळ्या कापडी बांधणीचा एक जाड प्रबंध आहे. त्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत विषय आणि वर्ष छापलेले आहे : २००४. आम्हां दोघांपैकी तो लिहिला एकीने. परंतु ज्या सात वर्षांत तो लिहिला गेला ती वर्षे दोघांनी मिळून काढली. म्हणून जे सांगावयाचे आहे ते दोघे मिळून सांगत आहोत.

प्रबंधाच्या आरंभी दोन पानांचा ऋणनिर्देश आहे. त्यात सतरा नावे आहेत. मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, हस्तलिखित टंकलिखित करून देणारे गृहस्थ आहेत, बांधणी करणारेही आहेत. कोणाचे नाव राहू नये म्हणून ती पाने आम्ही दोनदा वाचून पाहिली होती. तरीही एक नाव राहिलेच. ते का राहिले आणि राहिल्यामुळे पुढे आमच्या हातून काय घडले, हे आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

१९९७ साली मुंबईतील एका विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी झाली आणि १९९८ च्या पावसाळ्यात आमची मुलगी जन्मली. आम्हां दोघांपैकी एक वसईजवळच्या महाविद्यालयात कायम नोकरीत होता. दुसरी तासिका तत्त्वावर शिकवीत होती. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगणे नको. जितके तास, तितका मोबदला. बाळंतपण म्हणजे तास बंद आणि मोबदलाही बंद. संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीला प्रसूतीसाठी रजा असू शकते, ही कल्पनाच त्या काळी आमच्या कानावर आली नव्हती. वडिलांनी बाळासाठी रजा मागावी, हे तर आम्हांला स्वतःलाच चमत्कारिक वाटले असते. मुलगी जन्मली त्या दिवशी वडिलांनी किरकोळ रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या जागी 'घरगुती काम' असे लिहिले!

बाळ चार महिन्यांचे झाले आणि आठवड्यातून तीन दिवस विद्यापीठात जाणे सुरू झाले. पहाटे उठून स्वयंपाक, एस. टी.ने वसई स्टेशन, तेथून लोकलच्या बायकांच्या डब्यात उभ्याने प्रवास. दुपारी ग्रंथालयात जुने अंक चाळताना छाती दुधाने जड होई, लुगड्याचा पदर ओला होई, आणि त्या भल्यामोठ्या इमारतीत एका आईला दहा मिनिटे दार लावून बसता येईल अशी जागा नसे. एके दिवशी तेथल्या शिपाईबाईंच्या ते ध्यानात आले. त्यांनी काही विचारले नाही. जुनी वर्तमानपत्रे ठेवण्याच्या खोलीची किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "रोज एक वाजता घेत जा, बाई." त्या माउलीचे नाव आमच्या सतरा नावांत आहे.

घरी बाळाला कोण पाहात होते? आमची आई. नात्याने ती एकाची आई आणि दुसरीची सासू; पण दोघेही तिला आईच म्हणत असू. ती चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर बावीस वर्षे तिने आपल्या वाडीतली भाजी मुंबईच्या बाजारात नेऊन विकली. पालेभाजीच्या जुड्या, दुधी, हंगामात मोगऱ्याची फुले. डोक्यावर पाटी घेऊन ती पहिली गाडी पकडी आणि दुपारच्या आत घरी परते. कमरेच्या पिशवीतले पैसे तिचे स्वतःचे असत. त्यांतून आमच्या शाळेची फी गेली, घरावर कौले चढली, आणि सणाला नातवंडांच्या हातावर नाणे ठेवताना तिला कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

नात चार महिन्यांची झाली त्या आठवड्यात आईने पाटी माळ्यावर टाकली. आम्ही तिला तसे करण्यास सांगितले नव्हते, आणि तसे करू नको असेही सांगितले नाही. तिच्या मिळकतीचे आता काय, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. आजीने नातीला सांभाळावे यात विशेष ते काय, असेच आम्ही धरून चाललो होतो.

२००१ च्या सुमारास एक वेळ अशी आली की, प्रबंध सोडून द्यावा असे ठरले. मुलगी आजारी पडली होती. तापात ती 'आई, आई' म्हणत होती. परंतु जवळ जाणाऱ्या आईला दूर लोटून आजीकडे हात पसरीत होती. ती रात्र आमच्या संसारातील सर्वांत कठीण रात्र असेल. दुसऱ्या दिवशी टिपणांच्या वह्या पेटीत गेल्या आणि पाच महिने पेटी उघडली गेली नाही. अखेर एका सायंकाळी, प्रार्थना आटोपल्यावर, आईनेच विषय काढला. "बावीस वर्षं मी पाटी वाहिली, तेव्हा माझी पोरं कोणी सांभाळली? माझ्या सासूनं. आता तुझी पाटी आहे. खाली ठेवू नकोस गं, पुन्हा डोक्यावर घेताना फार जड होते."

पेटी उघडली. प्रबंध पुरा झाला. पदवी मिळाली, पुढे कायम नोकरीही मिळाली. ऋणनिर्देशात आईचे नाव मात्र आले नाही. ती वाचणार नव्हती म्हणून नव्हे. ज्या मदतीवाचून आपण उभेच राहिलो नसतो, ती मदत आहे हेच आमच्या लक्षात आले नव्हते. २०११ साली आई देवाघरी गेली.

आता दुसरी गोष्ट. २०१९ च्या डिसेंबरात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिच्या कडेवर पाच महिन्यांचे मूल होते. तिची हजेरी कमी भरत होती आणि परीक्षेस बसता येईल की नाही अशी तिला चिंता होती. शिक्षककक्षात आम्ही दोघेही होतो. आमच्यापैकी कोण बोलले हे सांगण्यात अर्थ नाही. दोघांच्या मनात तेच होते. आम्ही म्हणालो, "अगं, मूल सांभाळून शिकणारी तू पहिली आहेस का? आम्हीसुद्धा त्यातूनच गेलो. जिद्द हवी."

ती क्षणभर गप्प राहिली. मग अदबीने म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी तेव्हा कोण होतं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. ती गेली. त्या वर्षी ती परीक्षेस बसली नाही. त्या रात्री कपाटातून प्रबंध काढला आणि ती दोन पाने पुन्हा वाचली. सतरा नावे होती. जिच्या बळावर आम्ही त्या मुलीला जिद्दीचा उपदेश केला होता, तीच तेथे नव्हती. आपल्याला मिळालेला आधार जो विसरतो, तो दुसऱ्याच्या निराधारपणाला आळस समजू लागतो. आमचे नेमके हेच झाले होते.

शिकणारी आई ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या आपल्या चिमुकल्या मनोरमेला बरोबर घेऊन. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. म्हणजे विद्यार्थिनी, शिक्षिका आणि एकटी आई अशा तीनही जबाबदाऱ्या त्यांच्या एकटीच्या खांद्यावर होत्या. काही काळ मनोरमेचा सांभाळ वाँटेजच्या धर्मभगिनींनी केला. रमाबाईंची विद्वत्ता आपण गौरवितो आणि ते योग्यच आहे. परंतु ती विद्वत्ता पुस्तकात डोके घालून बसली असताना त्यांच्या लेकराला कोणी जेवू घातले, हे आपल्या सहसा मनात येत नाही.

गेल्या काही वर्षांत नियम पुष्कळ बदलले आहेत. ते आपल्या समाजातील मुलींना ठाऊक असावेत म्हणून येथे देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद केली. २०२२ च्या नव्या नियमांतही ती राहिली, आणि प्रबंध पुरा करण्यासाठी स्त्रियांना दोन वर्षांची अधिक मुदत आहे. १४ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने सर्व कुलगुरूंना पत्र पाठवून पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजा, हजेरीतील सवलत आणि परीक्षेचे अर्ज भरण्याच्या मुदतीत सूट यांबाबत नियम करण्यास सांगितले. केरळातील महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींना साठ दिवसांची प्रसूती रजा देण्याचा निर्णय घेतला. शिक्षकांसाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रसूती रजेबरोबर वडिलांसाठी पंधरा दिवसांची रजाही आहे. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद आली.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कागदावरचा नियम आपल्या पायांनी चालत वर्गापर्यंत येत नाही. कोणीतरी त्याला हाताला धरून आणावे लागते. २०२१ चे ते पत्र आमच्या हाती आले तेव्हा आम्ही ते प्राचार्यांपुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "आपल्याकडे अशा मुली आहेत तरी किती?" आम्हांला आकडा सांगता आला नाही, कारण असा आकडा कोणी ठेवलाच नव्हता. ज्या मुली मूल झाल्यावर येईनाशा होतात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले जाते आणि कारणाचा रकाना कोराच राहतो. आम्ही मागील तीन वर्षांच्या हजेरीपटांतून अशी नावे शोधली. एकूण नऊ निघाली. त्यांतल्या सहाजणींच्या घरी आम्ही गेलो.

दोघींच्या घरी आम्हांला चहा मिळाला आणि नकारही. एकीच्या सासऱ्यांनी स्पष्टच सांगितले, "शिकून तरी काय करायचंय आता?" त्यांच्याशी वाद घालण्यात आम्ही हरलो, हे मान्य केले पाहिजे. तिघी म्हणाल्या, मूल शाळेत जाऊ लागले की पाहू. सहावी ती होती, जिने आम्हांला प्रश्न विचारला होता. आम्ही प्रथम तिची क्षमा मागितली. ती संकोचली, म्हणाली, "सर, असं नका म्हणू." आम्ही मात्र ते म्हणण्यासाठीच गेलो होतो.

२०२२ साली ती परत आली. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कोणासाठी महाविद्यालयाने फार मोठे असे काही केले नाही. तळमजल्यावरची मोडक्या बाकांची एक खोली रिकामी केली, आतून कडी बसवली, एक खाट आणि पाण्याचे पिंप ठेवले. पहिला तास साडेसातऐवजी साडेआठला घेतला. चुकलेल्या व्याख्यानांची टिपणे वर्गातील मुली पाळीपाळीने तिला देत. आपल्या कार्यालयातील एका लिपिकांची पत्नी वारली आहे आणि त्यांचा लहान मुलगा शाळा सुटल्यावर फायलींच्या मागे बसून चित्रे काढतो, हेदेखील आमच्या डोळ्यांना तेव्हाच दिसले. तोही आता त्या खोलीत बसतो. आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या बापाला 'घरगुती काम' लिहावे लागू नये, एवढे आम्ही पाहतो.

तरी खरी अडचण उरतेच. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण शिक्षिकांपर्यंत या रजा क्वचितच पोहोचतात. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही जेथे उभे होतो, तेथेच आज त्या उभ्या आहेत. फरक एवढाच की, आमच्या घरी आई होती. एकत्र घरे मोडली, वाड्या विकल्या गेल्या, आज्या स्वतःच नोकरी करणाऱ्या झाल्या. आजीच्या मांडीवर आपण जो भार निमूटपणे ठेवीत होतो, तो आता कोणी उचलावा? विद्यापीठाने, शासनाने, शेजाऱ्यांनी, आणि आधी बापाने. मूल वाढविणे हे त्या घराचे खाजगी काम आणि शिकणे तेवढे सार्वजनिक काम, ही वाटणीच चुकीची आहे.

ती विद्यार्थिनी २०२३ साली एम. ए. झाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिचे मूल चार वर्षांचे होते. ते आमच्या कपाटापुढे उभे राहून पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवीत होते. काळ्या प्रबंधाशी येऊन ते थांबले.

त्या संध्याकाळी आम्ही शाईचे पेन घेतले आणि ऋणनिर्देशाच्या खाली अठरावे नाव लिहिले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रतीत ते नाही आणि कधी येणारही नाही. आमच्या घरच्या प्रतीत तेवढे आहे. नावापुढे काय लिहावे यावर आम्ही पुष्कळ विचार केला. शेवटी इतकेच लिहिले : 'हिने स्वतःची पाटी खाली ठेवली.'