अक्राणीच्या ओढ्यात फटफटी

नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव म्हणजे अक्राणी तालुका. सातपुड्यातल्या इथल्या पाड्यांवर घरे विखुरलेली, एक या टेकडीवर तर दुसरे पलीकडच्या. डांबर संपले की दगडगोटे, मग ओढा. म्हणून मी २१ इंची पुढच्या चाकाची, उंच पोटाची फटफटी घेतली.

गेल्या आषाढात मक्यावरची लष्करी अळी पाहायला निघालो. २०१८ साली आपल्या देशात दिसलेली ही अळी पोंग्यातच दडून बसते; बांधावरून कळत नाही. ओढ्याला पाणी मांडीपर्यंत. पायी उतरून अंदाज न घेता गाडी घातली, ती मध्येच बंद पडली. चूक माझीच. सवयीने बटणाकडे हात गेला, पण वेळीच आवरला. सिलिंडरात पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च बैलाच्या किमतीत जातो!

पाड्यावरच्या दोघांनी गाडी ढकलून काठावर काढली. प्लग काढून बटण दाबले, तर भोकातून पिचकारीच उडाली. फिल्टरचा स्पंज हलक्या हाताने पिळून वाळत घातला. ऑइल ताकासारखे पांढरे झाले नव्हते, हे नशीब.

"साहेब, भाकरी खा, तोवर वाळेल," म्हातारी म्हणाली.

भाकरी खाऊन मका पाहिला. दर चार-पाच झाडांमागे एक पोंगा कुरतडलेला. परतताना ओढ्यात आधी काठी घेऊन मी उतरलो.