आधी पन्हा, मग भाव

पनवेल मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. १९६८ पासून येथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. रविवारी मुंबईकर मंडळी येतात, पाखरे पाहतात, डबे सोडतात आणि संध्याकाळी परततात. परंतु वरचा किल्ला काही पाखरांसाठी बांधलेला नव्हे. कोकणातल्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या मालावर नजर ठेवणे, हे त्याचे काम. तो माल, ते बैल आता राहिले नाहीत. पायथ्याच्या माणसांची नजर मात्र अजून मालाच्या भावावर असते. आणि तो माल आणायला त्यांनाच मुंबईस जावे लागते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी या पायथ्याच्या गावात शिवणयंत्र चालवते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा तिने आणि शेजारच्या चौघींनी कापडी पिशव्या शिवायचे मनावर घेतले. कापडाचा भाव दुकानदार ठरवतो, पिशवीचा भाव गिऱ्हाईक ठरवते. मधल्या फटीत जे उरेल ती यांची मजुरी. तेव्हा स्वस्त कापड ही या बायांची हौस नव्हे, चुलीचा प्रश्न आहे. एका शनिवारी ती म्हणाली, “सर, बाजार बघायचा असेल तर चला.” मी निघालो.

पनवेलपर्यंत एस.टी. आणि पुढे हार्बरची लोकल. ही लोकल १९९८ साली पनवेलपर्यंत आली, आणि मुंबईचा घाऊक बाजार आमच्या टापूतल्या बायकांच्या आवाक्यात आला. शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे मशीद स्टेशन लागते. तेथे उतरून पश्चिमेस चालत गेले, की अब्दुल रहमान स्ट्रीट. रंगीत कागद, रिबिनी, मणी, टिकल्या यांची तेथे नुसती रास. लेस, बटणे, गोंडे हवे असतील, तर आणखी पुढे भुलेश्वर. ज्याला आता महात्मा जोतीबा फुले मंडई म्हणतात, ते १८६९ सालचे क्रॉफर्ड मार्केट ही या साऱ्या मुलखाची खूण. त्याच्या जवळच मंगलदास मार्केट: एका छपराखाली अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारखे रचलेले तागे. येथे मीटरवर कापड मिळते. मूळजी जेठा मार्केटात घाऊक व्यापार. एक मीटर मागणाऱ्याकडे तेथे कोणी मान वर करून पाहील, अशी आशा धरू नये. रविवारी मात्र या बाजूस फिरकू नका. मंगलदास बंद असते.

एका दुकानात कोऱ्या जाड मांजरपाटाचा तागा उलगडला गेला. मी सवयीने भाव विचारणार, तोच ही म्हणाली, “शेठ, भाव मागाहून. आधी पन्हा सांगा.”

तिचे गणित ऐकण्यासारखे आहे. तयार पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच. शिवणीची माया धरून १५ इंच रुंद आणि ३४ इंच लांब तुकडा लागतो. तळाशी घडी येते. एक मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडे अधिक. ३६ इंच पन्ह्यात असे दोन तुकडे बसतात, आणि उरलेल्या ६ इंची पट्टीत दोन्ही पिशव्यांचे चारही बंद निघतात. ४४ इंच पन्ह्यातही पिशव्या दोनच. वर ८ इंचांची पट्टी उरते, ती गोधडीत जाते. ५८ इंच पन्ह्यात मात्र तीन पिशव्या बंदांसकट निघतात. म्हणजे ५८ चा भाव ३६ च्या दीडपटीच्या आत असेल तर तो स्वस्त, आणि ४४ ला ३६ पेक्षा एक रुपयाही जास्त दिला तर तो महाग. हे तिने दुकानात उभ्या उभ्या, कागदाशिवाय केले.

“एक मीटर घेतले तर गाडीभाडेच कापडाला खाते,” ती परतताना म्हणाली. म्हणून पाचजणी पैसे एकत्र करतात, एकच जण मुंबईस येते, आणि अख्खा तागा घेऊन जाते. भाडे पाच घरांत वाटले जाते. घाऊक भाव शेठ देत नाही. तो त्या पाचजणींची एकी मिळवते.

गिरणगावातल्या यंत्रांचे आवाज १९८२ च्या संपानंतर हळूहळू विरले. आता मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवरचे कापड देशभर जाते. कापड कुठूनही येवो, ते पिशवीपर्यंत पोचते ते अशा हिशेबी हातांतून.

तेव्हा वाचकहो, कर्नाळ्याहून परतताना रस्त्याकडेला कोणी बाई कापडी पिशव्या घेऊन बसलेली दिसली, तर जरूर घ्या. पण दहा रुपये कमी करा म्हणून हटून बसू नका. घासाघीस करण्याजोगे जेवढे होते, तेवढे तिने मंगलदास मार्केटातच करून घेतलेले असते. पिशवीत आता जे उरले आहे, ती तिची मजुरी आहे.