कडा खदखदतात, मध्ये गार

नवा मायक्रोवेव्ह घरात आला की लगेच दोन तक्रारी कानावर येतात. वरणाच्या कडा खदखदतात आणि मध्ये चमचा घातला तर गारढोण. नाहीतर पुरणपोळी हाताला कोमट लागते आणि आतलं पुरण जीभ पोळतं. दोन्हींत ओव्हन बहुधा निर्दोष असतो.

*

पुरणावरून ‘हा आतून शिजवतो’ असा समज पसरला असावा. लहरी बाहेरूनच शिरतात आणि साधारण दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच जोर धरतात. पण पोळीचं आवरण कोरडं आणि पुरण ओलं, गोड. उष्णता ओलाव्याला जास्त मिळते. वरण मिठाचं असतं, आणि मीठ असलं की लहरी कडेलाच खर्ची पडतात. त्यावर उपाय एकच, मध्ये थांबवून ढवळणं.

*

पापडाची परीक्षा. काचेची फिरती थाळी आणि तिच्याखालचं चाकांचं कडं काढावं. फिरणाऱ्या कपलरवर काचेचं पसरट भांडं पालथं घालावं, म्हणजे वरचं काही फिरणार नाही. त्यावर मोठी काचेची ताटली ठेवून उडदाचे कच्चे पापड शेजारी शेजारी मांडावेत आणि अर्धं मिनिट चालवून बघावं. एका जागी पांढरे फोड, बोटभर पलीकडे कच्चा पिवळा पापड, पुन्हा फोड. कुठे तरी करपलेला तपकिरी ठिपका. लहरींची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर असते. धातूच्या भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात आणि साधारण सहा-सहा सेंटीमीटरवर जोराच्या जागा तयार होतात. थाळी फिरवायची ती एवढ्यासाठीच. मात्र थाळीचा मध्यबिंदू फिरून फिरून जागच्या जागीच राहतो. म्हणून छोटी वाटी मधोमध न ठेवता कडेला ठेवावी. भाताला मध्ये खड्डा करावा.

थाळी अडखळत असेल तर कडं खाचेत बसलंय का, एवढंच आधी पाहायचं.

*

‘मध्येच बंद पडतो.’ पडत नाही. साध्या ओव्हनमध्ये अर्धी पॉवर म्हणजे काही सेकंद पूर्ण जोर, मग काही सेकंद नुसता पंखा. कान दिला तर घूं-घूं आवाजातला फरक कळतो. इन्व्हर्टरवाला ओव्हन खरोखरच जोर कमी करतो, म्हणून महाग.

*

फ्रीझरमधली सुरमई पूर्ण जोरावर ठेवली तर शेपटी शिजते आणि पोटात बर्फ तसाच. बर्फ लहरी फारशा घेत नाही, वितळलेलं पाणी मात्र हावरेपणाने घेतं. जिथे आधी वितळलं तिथेच आणखी तापतं. डीफ्रॉस्टमधली थांबण्याची वेळ उगीच नसते.

*

ओव्हन खरंच कमजोर आहे का? एक लिटर नळाचं पाणी, थर्मामीटर, दोन मिनिटं पूर्ण जोर. तापमान जितके अंश वाढलं त्याला 35 ने गुणा, तेवढे वॅट. 23 अंश वाढलं तर 800 वॅट. काही उष्णता भांडं घेतं, म्हणून थोडं कमी आलं तर भांडू नये. निम्मंच आलं तर वॉरंटी कार्ड शोधावं.

*

अन्न कोमट आणि ताटली चटका देणारी: मेलामाइनची असणार. लग्नात आहेर म्हणून आलेले ते सुंदर सेट ओव्हनपासून लांब ठेवावेत.

*

कन्व्हेक्शनवर बाहेरचा पत्रा तापतो, बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. हे ठीकच. मागे-वर हवेला जागा हवी. झाकायला क्रोशाचा रुमाल नको. प्लग गरम होणं मात्र ठीक नाही. ओव्हनला पंधरा-सोळा अँपियरचा पॉवर पॉइंट लागतो, मिक्सरचा एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. आतल्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पट्टीवर डाळ उडून चिकटली की तिथेच ठिणग्या उडतात. ओल्या फडक्याने पुसावं. पट्टी जळून भोक पडलं असेल तर बदलून घ्यावी.

*

पेचकस घेऊन कव्हर उघडणाऱ्या हौशी मंडळींसाठी: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो, दोन हजार व्होल्टच्या घरातला. ते काम मेकॅनिकचं. नव्या मशीनचं सील तुटलं तर वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच.