सगळ्याच गाड्या इम्पाला नसतात

मराठी घरातल्या जुन्या अल्बममध्ये लांबलचक अमेरिकन गाडी दिसली, की ती हमखास 'इम्पाला' असते. निदान घरचे तरी तसं छातीठोकपणे सांगतात. आजोबांच्या साहेबांची इम्पाला, गिरगावातल्या डॉक्टरांची इम्पाला, वरातीसाठी मागून आणलेली इम्पाला. फोटोच्या मागे शाईने साल घातलेलं असतं, १९५५ किंवा १९५६, आणि तिथेच पहिली शंका येते. कारण शेवरलेने इम्पाला बाजारात आणली तीच मुळी १९५८ च्या मॉडेलपासून.

पुण्यात आम्ही काही गाडीवेडे रविवारी सकाळी एकत्र जमतो. त्यात आयुष्यभर गॅरेज चालवलेले एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आणि खिशात भिंग बाळगणारे एक गृहस्थ आहेत, इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं आहेत. प्रत्यक्ष गाड्यांपेक्षा तिथे फोटोच जास्त येतात. चहाचे कप बाजूला सरकतात, फोटो मधोमध येतो आणि काकांचा नियम लागू होतो: नाव नंतर, आधी काय दिसतंय ते बोला. पोरांना हा नियम जाचतो. त्यांना घोडा उधळायचा असतो. पण ज्यांनी नाव आधी घेतलं त्यांना मग फोटोत तेच दिसायला लागतं, हे काकांनी पुरतं ओळखलेलं आहे.

काय दिसतंय, याला मर्यादा नाही. दरवाज्याच्या बिजागऱ्या कुठे आहेत, काच एकसंध आहे की मधोमध पट्टी आहे, दिवे मडगार्डच्या बाहेर आहेत की आत बसवलेले. १९३५ ची मॉरिस एट आणि तिची १९३८ पासूनची 'सीरीज ई' यांतला फरक या दिव्यांवरून लांबूनही कळतो. नव्या गाडीत ते मडगार्डमध्ये सामावले. मॉरिस मायनरची पुढची काच दुभागलेली असेल, तर गाडी १९५६ च्या 'मायनर १०००' च्या आधीची. फोक्सवॅगन बीटल पाठमोरी असली तर उत्तमच. मागच्या खिडकीचे दोन तुकडे असतील तर गाडी मार्च १९५३ पूर्वीची, अंडाकृती एक खिडकी असेल तर १९५७ पर्यंतची, त्यानंतर खिडकी मोठी आणि चौकोनी झाली. १९४९ च्या ब्यूकच्या बाजूला गोल भोकं दिसतात, ती मोजायची. चार असतील तर रोडमास्टर, तीन असतील तर सुपर.

आपल्याकडच्या गाड्यांनाही अशा खुणा आहेत. महाराष्ट्रात जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात, त्या गुबगुबीत पाठीच्या ११०० चे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. बिजागऱ्या मधल्या खांबाला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून आणलेल्या ११०० डिलाइटचे दरवाजे सुलटे आहेत. हीच डिलाइट पुढे १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोचली. तिच्यातली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. अ‍ॅम्बेसेडर मात्र फसवी. मार्क टूची चौकडीची जाळी आणि मार्क थ्रीच्या आडव्या पट्ट्या हा फरक पाठ असला, तरी आपल्याकडे लोकांनी जुन्या गाडीला सर्रास नवी जाळी बसवली. त्यामुळे नुसत्या तोंडावरून अ‍ॅम्बेसेडरचं वय सांगायला काका कधीच तयार होत नाहीत.

त्याहून मोठा चकवा कुर्ल्यातूनच निघाला. १९४७ पासून प्रीमियर तिथे क्रायस्लरच्या गाड्या जोडत असे. त्यातल्या डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मुळात प्लिमथच. पुढची जाळी आणि बिल्ले तेवढे बदललेले. बाजूने काढलेल्या फोटोत या तिघी उभ्या केल्या, तर भिंगवाले गृहस्थही हात टेकतात.

एकदा कोथरूडच्या एक ताई सासूबाईंचा फोटो घेऊन आल्या. ठिकाण मरीन ड्राइव्ह, मागे कठडा आणि समुद्र. नऊवारीतल्या सासूबाई पाठमोऱ्या गाडीला टेकून उभ्या. मागे निळ्या शाईत 'लग्नानंतर, १९५८'. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव अर्थातच इम्पाला.

गाडी शेवरले आहे यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं. मागचे पंख उभे नव्हते, आडवे पसरलेले होते, म्हणजे १९५९ किंवा १९६०. मग भिंग दिव्यांवर आलं. १९५९ चे दिवे लांबट, 'कॅट्स आय' म्हणून ओळखले जाणारे. इथे तर गोल दिसत होते. म्हणजे १९६०. ते मॉडेल अमेरिकेतच १९५९ च्या शरदात विक्रीला आलं, तेव्हा शाईतलं १९५८ तिथेच निकालात निघालं. राहिला प्रश्न नावाचा. १९६० च्या इम्पालाला प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे, तिच्या धाकट्या बहिणींना, म्हणजे बेल एअर आणि बिस्केनला, दोन. फोटोत दोन दिवे स्पष्ट होते. तिसरा जिथे असायला हवा, नेमका तिथेच सासूबाईंचा पदर वाऱ्याने फुगलेला. दुसऱ्या बाजूचे दिवे फोटोच्या चौकटीबाहेर.

"ताई, या रोलमधला आणखी एखादा फोटो असेल का घरी?" काकांनी विचारलं.

पुढच्या रविवारी तो आला. त्यात सासरे एकटेच गाडीमागे उभे होते आणि दिवे होते दोन-दोन. म्हणजे इम्पाला नव्हे. बेल एअर की बिस्केन, हे मागच्या पत्र्यावरच्या अक्षरांवरून भिंगवाल्यांनी लावलं: बेल एअर. ताई क्षणभर हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "पण मग १९५८ मध्ये लग्न झालं आणि फोटो साठ सालानंतरचा, तर सासूबाईंच्या शेजारी माझे मिस्टर कुठे आहेत? ते तर एकोणसाठचे." फोटो पुन्हा भिंगाखाली गेला. मागच्या काचेआड, सीटवर उभं राहून बाहेर बघणारं एक टोपडं दिसलं. इतकी वर्षं ते कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं.

या हिशोबात एक पथ्य कायम पाळावं लागतं. गाडी फक्त एवढंच सांगते, की फोटो याच्या आधीचा नाही. याच्या नंतरचा नाही, असं ती कधीच सांगत नाही. १९६० ची बेल एअर १९७५ मध्येही मरीन ड्राइव्हवर उभी असू शकते. तिथे टोपड्यातलं पोर मदतीला येतं, नाहीतर नंबरप्लेट. 'बीएम'ने सुरू होणारी तीन अक्षरं मुंबईची. 'एमएच' आणि पुढे जिल्ह्याचा आकडा दिसला तर पाटी १९८९ च्या नव्या पद्धतीची.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही आधी तपासावं लागतं. निगेटिव्ह पालथी पडली की उजवं स्टिअरिंग डावीकडे जातं आणि विलायती मॉरिस अमेरिकन वाटायला लागते. पाटी वाचता येत नसेल तर माणसांकडे बघायचं. मराठी बाईचा पदर उजव्या खांद्यावर आणि पुरुषांच्या शर्टाच्या गुंड्या उलट्या बाजूला असतील, तर आधी फोटो आरशात धरायचा.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांपाशी मात्र यातल्या बऱ्याच युक्त्या थकतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइसचा कारखाना इंजिनासह चॅसी तेवढी देत असे. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. त्यामुळे एकाच चॅसीवर दोन गाड्या दिसायला पार वेगळ्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची फँटम टू 'स्टार ऑफ इंडिया' लंडनच्या थ्रप अँड मेबर्लीने घडवली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची डूझनबर्ग अमेरिकेतली, पण तिच्यावरची दोन माणसांची स्पीडस्टर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. असा फोटो आला, की बॉडी सोडून रेडिएटर, चाकं आणि बॉनेटची लांबी याच गोष्टी उपयोगी पडतात. युद्धानंतरच्या गाड्यांत उलटी गंमत आहे. १९५५ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड आणि बेंटली एस यांच्यात रेडिएटर आणि बिल्ले सोडले तर डोळ्यांना फरक सापडत नाही. देवळाच्या दर्शनी भागासारखं सपाट माथ्याचं रेडिएटर असेल तर रोल्स, गोलसर असेल तर बेंटली. कोलकात्याच्या रस्त्यावर १९१० मध्ये धावलेली हंसाच्या आकाराची ब्रूक गाडी तेवढी शेंबडं पोरही ओळखेल.

हा नुसता रविवारचा विरंगुळा नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात फारसा बदल न केलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची, तर बंपर कसा होता, आरसे कुठे होते, दोन रंगांची सीमारेषा कुठून जात होती, हे दाखवणारा पुरावा बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातला लग्नाचा, मुंजीचा किंवा सहलीचा फोटोच असतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. जुने फोटो स्कॅन करताना कडा कापू नका. माणसं मधोमध यावीत म्हणून आपण नेमका दिवा किंवा नंबर कापून टाकतो. मागची बाजूही स्कॅन करा, तिथलं साल चुकीचं वाटलं तरीही. रोलमधले हललेले, धूसर फोटो फेकू नका. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर फोटोतल्या माणसांची नावं त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. गाडीचं नाव नंतरही शोधता येतं.