दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मी शाळेत तीस वर्षे मुलांना समजावून सांगितली. ती एक दिवस माझ्याच तोंडात येऊन बसेल असे तेव्हा वाटले नव्हते. माझ्या पुढच्या दोन दातांवर गेली बारा वर्षे चिनी मातीची पातळ कवचे चिकटवलेली आहेत. त्यांना व्हिनिअर म्हणतात. आमच्या दिंडोरीतल्या सुताराला हे सांगितले तेव्हा त्याने कसबी नजरेने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तो म्हणाला, “म्हणजे प्लायवूडवर सागाचा पापुद्रा मारतो तसंच की, गुरुजी!” व्याख्या इतकी चोख होती की ती सुधारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

मूळ दुखणे जुने. चौदाव्या वर्षी विटी तोंडावर बसली आणि दोन्ही दातांचे कोपरे उडाले. तेव्हापासून हसताना हात आपोआप तोंडावर जाई. फोटोत तर मी कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा दिसे. 2013 साली मुलीचे लग्न ठरले आणि पत्नीने फर्मान काढले, “अहो, व्याह्यांपुढे तरी हात खाली ठेवून हसा.” आम्ही नाशिकला निघालो. वाटेत म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागते. 1998 साली स्थापन झालेल्या आणि दंतवैद्यांना पदव्या देणाऱ्या या संस्थेसमोरून मी इतकी वर्षे तोंडावर हात धरून जात होतो!

ही युक्ती मुळात नटांसाठी निघाली. 1928 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने सिनेनटांच्या दातांवर अशी कवचे बसवली. ती चित्रीकरणापुरती टिकत. पुढे 1955 साली मायकेल ब्यूनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करण्याची रीत दाखवली, आणि 1980 नंतर चिनी मातीलाही तसेच आम्ल लावून ती दाताला पक्की जोडता येऊ लागली. नटांचे ते लेणे अशा रीतीने नवरीच्या बापापर्यंत पोचले.

डॉक्टरीणबाईंनी रंगाचे नमुने पुढे केले. मी सर्वांत पांढरा उचलला. पत्नीने तो काढून घेतला. “दाताला बाशिंग बांधल्यासारखं दिसेल,” म्हणाली आणि जरा पिवळसर निवडला. दातावरचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर घासावा लागणार होता. तो पुन्हा वाढत नाही. म्हणजे एकदा ही वाट धरली की जन्मभर दातावर काहीतरी पांघरूण हवेच. टिकण्याची मुदत साधारण दहा ते पंधरा वर्षे, निगा राखली तर त्याहूनही जास्त. एका बैठकीत होणारे, रेझिनचे स्वस्त काम पाच-सात वर्षांत चहाने डागाळते.

पथ्ये ऐकून मात्र माझा चेहरा उतरला. सुपारी नाही. ऊस दातांनी सोलायचा नाही. द्राक्षवेल बांधताना सुतळी दातांनी तोडायची नाही. दिंडोरी तालुक्यातल्या माणसाला ही अट घालणे म्हणजे जुलूमच. कारण बांधणीच्या दिवसांत कात्री नेहमी पलीकडच्या ओळीत राहिलेली असते. राखुंडी आणि खरखरीत मंजन बंद. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. चिनी माती किडत नाही, पण तिच्या कडेशी, हिरडीजवळ, दात आपलाच असतो आणि तो किडू शकतो. म्हणून फटी दोऱ्याने साफ करायच्या आणि सहा महिन्यांनी दाखवून यायचे.

हे सगळे मी पाळले. खरे म्हणजे पत्नीने पाळायला लावले. अडकित्ता तिने माळ्यावर टाकला. रात्री कधी कधी ती माझा खांदा हलवून म्हणे, “अहो, दात खाताय.” मी कूस बदलून पुन्हा झोपे. सकाळी मला त्यातले काही आठवतही नसे. हीही दातांची निगाच होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

2020 साली ती गेली.

यंदाच्या गणपतीत मोदक खाताना डावे कवच हातात आले. एवढी वर्षे ऊस आणि सुपारी टाळली, आणि निमित्त झाले उकडीच्या मोदकाचे! डॉक्टरीणबाईंनी विचारले, “गुरुजी, रात्री दात खाता का?”

“छे!” मी छातीठोकपणे म्हणालो.

त्यांनी आरशात माझ्या खालच्या दातांची झिजलेली टोके दाखवली. “घरी कुणी सांगितलं नाही?”

“पूर्वी सांगत असे,” मी म्हणालो.

कवच अखंड होते, त्यामुळे ते स्वच्छ करून पुन्हा चिकटवता येणार होते. पण वयाबरोबर बाजूचे दात पिवळे पडले आहेत, कवचांचा रंग आहे तोच राहिला आहे, फरक दिसतो. तेव्हा दोन्ही नवीनच करावीत, असे त्या सुचवू लागल्या. मी म्हटले, “दिसू दे. आहे तेच बसवा.”

रात्री दातांवर घालायला त्यांनी एक पारदर्शक साचा करून दिला आहे. सकाळी तो गार पाण्यानेच धुवायचा; गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. त्याची डबी मी पलंगाच्या पलीकडच्या अंगाला, तिच्या खिडकीत ठेवतो. फाल्गुनात पुन्हा दाखवायला बोलावले आहे.