वीसचं दान

चि. सोन्या,

फासे टाकायचा तुझा प्रोग्राम मिळाला. वाचला आणि चालवूनही पाहिला. टर्मिनलवर '३डी६' लिहिलं की सहा बाजूंचे तीन फासे पडतात. 'डी२०+५' लिहिलं की वीस बाजूंचा एक पडतो आणि त्यात पाच मिळवले जातात. खिडकी नाही, चित्र नाही, फासा गडगडल्याचा आवाज नाही. मला हे फार आवडलं. खेळ रंगात आला असताना एक ओळ लिहायची, एक ओळ परत येते, गोष्ट पुढे सरकते. आणखी काय हवं?

पण तुझ्या चिठ्ठीत प्रोग्रामपेक्षा भांडणच जास्त आहे. रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तुमची नाशिकची धनुर्धारी (खेळात, एरवी ती सीए करते आहे) म्हणते की तुझा फासा तिला वीस देतच नाही. तू तिथला गेम मास्टर आणि प्रोग्रामही तुझाच, म्हणजे आरोपी आणि न्यायाधीश एकच. त्यामुळे गडबडून तू तोडगा काढलास: एक ते वीस आकडे पिसायचे, एकेक वाटत जायचे, संपले की पुन्हा पिसायचे. 'म्हणजे वीस येणारच,' असं वर लिहितोस. हे अजिबात करू नकोस. पत्र उघडंच ठेवते आहे, कारण ते तिनेही वाचायला हवं.

तुझ्या तोडग्यासारखं काहीतरी एकदा बाजारात येऊन गेलं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला तेव्हा चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे अमेरिकेतही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हते. शाळांना गणिताची साधनं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यादीत पाच प्लेटॉनिक घनाकृतींचा संच होता, तोच गायगॅक्स यांनी खेळात आणला. (दहा बाजूंचा फासा या पाचांत बसत नाही, तो नंतर आला. तोवर वीस बाजूंच्या फाशावर शून्य ते नऊ दोनदा छापून काम भागवत.) प्लास्टिक इतकं मऊ की खेळून खेळून कडा झिजायच्या आणि फासा गोटीसारखा घरंगळत राहायचा. पुढे खेळाला एवढी मागणी आली की १९७९ मध्ये फासेच पुरेनात. बेसिक सेटच्या खोक्यात फाशांच्या जागी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या निघू लागल्या, सोबत नंतर फासे मागवायचं कुपन. चकत्या पेल्यात घालायच्या, हलवायच्या, न बघता एक काढायची.

आता ती काढलेली चकती परत पेल्यात टाकायची की नाही? सगळी गोम इथे आहे. परत टाकली तर पेला फाशासारखाच वागतो. बाहेर ठेवली तर आधी काय पडलं यावरून पुढचं कळायला लागतं. तुझा तोडगा म्हणजे चकत्या बाहेर ठेवणं. अठरा दानं होऊन गेली आणि वीस निघालेलं नसेल, तर ते उरलेल्या दोनांतच आहे. तुमच्यात सीए होणारी मुलगी आहे, ती मोजणार नाही होय? ड्रॅगन समोर असताना बाण मारायचं सोडून ती आधी दारं ढकलेल, भिंती चाचपेल, फालतू दानं संपवून टाकेल आणि वीसची खात्री झाली की मगच धनुष्य उचलेल. वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं नजरेने मोजून दाखवतो आणि नलाला अक्षहृदय शिकवतो. फाशांच्या विद्येचा मोजणीशी संबंध आहे हे आपल्याकडे इतक्या पूर्वीपासून माहीत आहे, आणि तू मोजणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत द्यायला निघाला आहेस.

आता तिचं गाऱ्हाणं. अगदी चोख फाशावरही सलग वीस दानांत एकदाही वीस न पडण्याची शक्यता ३६ टक्के आहे. ०.९५ चा विसावा घात कर, कॅल्क्युलेटर सांगेल. तुम्ही चौघांनी एका रात्री प्रत्येकी वीस दानं टाकली, तर कुणीतरी एक जण तरी कोरडा राहण्याची शक्यता ८३ टक्के. लागोपाठ तोच आकडा येणं तर सरासरी दर वीस दानांमागे एकदा ठरलेलंच. हातातला फासा असा वागला की माणूस त्याला फुंकर मारतो, मुठीत घोळवतो, नशिबाला बोल लावतो. प्रोग्राम असा वागला की बोल लिहिणाऱ्याला.

इथेच पत्र संपवलं असतं, पण तुझ्या कोडमधली एक ओळ डोळ्यांत खुपली.

पायथनचं रँडम मॉड्यूल 'खरं रँडम' नसतं, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. सांगणारा खोटं बोलला नाही. आत मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत आहे, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितींची. तिचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे आधीच सांगता येतात. पासवर्ड बनवायला ती चालणार नाही, ऑर्कच्या टाळक्यात गदा हाणायला खुशाल चालते. तू मात्र ती टाळलीस, ऑपरेटिंग सिस्टमकडून एक बाइट मागून घेतलास, त्याला वीसने भागलंस, बाकीत एक मिळवलास आणि झालं दान. दिसायला निर्दोष. पण बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे असतात. वीसच्या बारा पूर्ण फेऱ्यांत २४० संपले, खाली १६ उरले. ते सोळा कुणाच्या पदरात पडतात? १ ते १६ यांच्या, एकेक. म्हणजे हे आकडे २५६ पैकी १३ वेळा येणार आणि १७, १८, १९, २० फक्त १२ वेळा. नेमके वरचे चार मारले गेले!

दुरुस्ती सोपी आहे. २४० किंवा त्याच्या वरचा बाइट आला तर तो फेकून द्यायचा आणि नवा मागायचा. पायथनचं रँडइंट आतल्या आत हेच करतं: वीससाठी पाच बिट घेतं, म्हणजे ० ते ३१, आणि वीस किंवा वरचं काही आलं की टाकून पुन्हा घेतं. तू सिक्रेट्स मॉड्यूलमधलं रँडबिलो वापर. पायथन ३.६ पासून ते सोबतच येतं, बाइटची उठाठेव करायला नको.

म्हणजे नाशिककर बाई बरोबर होत्या? होत्या. तुझा फासा खरोखरच वीस कमी देत होता. मात्र ते तिला खेळताना जाणवलं असणं शक्य नाही. पाच टक्क्यांऐवजी ४.६९ टक्के, म्हणजे हजार दानांत पन्नासऐवजी सत्तेचाळीस. हा फरक योगायोगापासून वेगळा काढायला वीस हजारांच्या आसपास दानं नोंदवावी लागतील. एवढी चिकाटी दाखवणारा माणूस होऊन गेला आहे. वेल्डन हे इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ. १८९४ च्या सुमारास त्यांनी बारा-बारा फासे एकदम टाकून २६,३०६ फेऱ्यांची नोंद केली. पाच किंवा सहा पडायला हवेत ३३.३३ टक्के, पडले ३३.७७. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली तेव्हा हीच आकडेवारी तपासायला घेतली. ठिपक्यांचे खड्डे कोरल्यामुळे पाच-सहाच्या बाजू हलक्या होतात आणि वर येतात, असं या फरकाचं कारण सांगतात. तेव्हा 'त्यापेक्षा खरे फासे आणू' असं तुमच्यात कुणी म्हणालं तर त्याला वेल्डनसाहेबांचं नाव सांग.

बाकीचं भराभर. बेरजेसाठी इव्हॅल वापरलं आहेस, ते आजच काढ. लिहिलेलं काहीही चालवणारी ओळ तुझ्या लॅपटॉपपुरती ठीक, उद्या हाच प्रोग्राम सगळ्यांसाठी बॉट म्हणून लावलास तर दार सताड उघडं. फाशांच्या संख्येला मर्यादा घाल, नाहीतर '९९९९९९९९९डी६' लिहून मशिनला घाम गाळत बसवणारा एखादा भेटेलच. आणि सातच्या वरची दानं मोजायची म्हणून '५डी१०>७' लिहायची जी सोय केलीस, ती अवतरणचिन्हांशिवाय वापरून बघ. शेल त्या बाणाचा अर्थ 'उत्तर फाइलीत लिही' असा घेतं. पडद्यावर काही उमटत नाही आणि फोल्डरमध्ये '७' नावाची फाइल तयार होते. तुझ्या मॅकवर '३डी६*१०' लिहिलंस तर झेड-शेल जुळणारी फाइल सापडत नाही म्हणून कुरकुरेल. मदतीच्या मजकुरात पहिलंच उदाहरण अवतरणचिन्हांत दे.

खरी उणीव वेगळीच आहे. तुझा प्रोग्राम नुसतं '१४' म्हणतो. टेबलाभोवती बसून खेळणाऱ्यांना फासे दिसतात, पडताना दिसतात, कुणाचा कितीने हुकला तेही दिसतं. निम्मी आरडाओरड त्यावरच चालते. व्हिडिओ कॉलवर त्यातलं काहीच उरत नाही, आणि मग नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवा म्हणणं जड जातं. चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायचा असेल तर '५ ३ ६ (१) = १४' असं छाप. काय सोडलं तेही दिसू दे. डेबियनमध्ये रोलडाइस नावाचा छोटा जुना प्रोग्राम मिळतो, त्यात '६एक्स४डी६एस१' अशा एका ओळीत पात्राचे सहाही गुण निघतात. तशी सोय तूही कर. शिवाय प्रत्येक दान तारीख-वेळेसकट एका साध्या फाइलीत उतरव, चौघांनाही उघडता येईल अशा.

येत्या रविवारी खेळाआधी दुरुस्त केलेला कोड सगळ्यांना दे, तेरा आणि बाराचा हिशेब स्वतः समजावून सांग, आणि दानांच्या त्या नोंदींचं ऑडिट नाशिकच्या सीएबाईंकडे सोपव.

तुझी,
आत्या